न दुखणारा चट्टा

(आशा कार्यकर्त्या आणि वैद्यकीय विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

कुष्ठरोगाकडे त्वचेचा रोग म्हणून नव्हे, तर नसांचा रोग म्हणून पाहावे, अशी माझी आपणां सर्वांना पहिली विनंती आहे. फिकट किंवा लालसर चट्टा आपल्याला त्वचेवर दिसतो, पण खरा घात त्वचेखालच्या नसांमध्ये होत असतो. या रोगाचा जंतू नसेभोवतीच्या आवरणातील पेशींत वस्ती करतो, १२ ते १४ दिवसांतून एकदाच दुप्पट होतो, आणि लागण झाल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षे, कधी २० वर्षेही जातात. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, त्यामुळे दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही. पुढे बधिर झालेल्या बोटांना तव्याचा चटका समजत नाही, तळपायात मोडलेला काटा समजत नाही, जखम चिघळत हाडापर्यंत जाते आणि बोटे आखूड होतात. रोगाने बोटे झडतात असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. वस्तुतः ती झडत नाहीत, वेदना नाहीशी झाल्यामुळे त्यांचे रक्षण होत नाही.

सुश्रुतसंहितेत ‘कुष्ठ’ हा शब्द अनेक त्वचारोगांसाठी येतो आणि तुवरकाच्या बियांचे तेल हा उपचारही तेथे सांगितलेला आहे. आपल्याकडचे कडू कवठ त्याच कुळातले. अशाच झाडांच्या बियांच्या तेलाची वेदनादायक इंजेक्शने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही रुग्ण मुकाट्याने घेत असत, कारण दुसरे काही हाताशी नव्हते.

नॉर्वेतील बर्गेन येथे गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जंतू दाखवून दिला आणि रोग आनुवंशिक असल्याचा समज खोडून काढला. मात्र त्या शोधातून औषध निघाले नाही. आधी निघाली ती भीती, आणि तिला कायद्याचे बळ मिळाले. भारतात १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरुग्णाला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला. हा कायदा संसदेने रद्द केला तो २०१६ मध्ये, म्हणजे रोग पूर्ण बरा करणारे उपचार येऊन ३५ वर्षे झाल्यावर. हिंदू विवाह कायद्यातील घटस्फोटाच्या कारणांमधून कुष्ठरोग वगळायला तर २०१९ साल उजाडले.

विदर्भाने या बाबतीत देशाला वाट दाखवली, हे मी अभिमानाने सांगतो. मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ मध्ये काम उभे केले, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन वसवले, आणि बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभारून रुग्णाच्या हातांना काम दिले. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतः धूत असत. या आश्रयस्थानांचे मोल फार मोठे आहे. तरीही माझ्या मते निर्णायक वळण वेगळे होते. १९५१ मध्ये वर्ध्याला सुरू झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने रुग्णाची वाट पाहत बसण्याऐवजी घरोघर जाऊन तपासणी, लोकशिक्षण आणि घरीच उपचार ही पद्धत रुजवली. डॅप्सोन या कुष्ठरोगावरील औषधाची स्वस्त गोळी आली होती म्हणूनच हे शक्य झाले, हेही विसरता कामा नये.

एकट्या डॅप्सोनला जंतू पुढे दाद देईनासे झाले. म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. आज हाच बहुविध औषधोपचार रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने मोफत मिळतो, आणि तो सुरू झाल्यावर अल्पावधीतच रुग्णापासून संसर्गाचा धोका राहत नाही.

२००५ च्या अखेरीस देशाने दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. त्याला ‘दूरीकरण’ म्हटले गेले आणि लोकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात, आणि त्यांत लहान मुले असतात. मुलाच्या अंगावर चट्टा सापडणे म्हणजे त्याच्या आसपास उपचार न झालेला कुणीतरी आहे, असे समजून घरातील आणि शेजारच्या सर्वांची तपासणी करा. रुग्णाला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर पेनाच्या टोकाने हलकेच स्पर्श करा, स्पर्श झाला त्या जागी त्याला बोट ठेवायला सांगा, आणि कोपरामागची नस जाड किंवा हुळहुळी झाली आहे का, ते चाचपून पाहा. नस दुखू लागली किंवा हातातील शक्ती कमी झाली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवा. नसेची दुखापत सहा महिन्यांच्या आतली असेल, तर प्रेडनिसोलोन या सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइड औषधाने नस बऱ्याचदा सावरते.

“गोळ्या संपल्या, मग माझे बोट सरळ का झाले नाही?” हा प्रश्न मला फार वेळा विचारला गेला आहे. गोळ्या जंतू मारतात, मेलेली नस जिवंत करत नाहीत, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, असे दर वेळी वाटते. वाकडी बोटे शस्त्रक्रियेने पुष्कळ सुधारता येतात. बधिर पायांसाठी मात्र रोजचा नेम लागतो: वीस मिनिटे पाय साध्या पाण्यात भिजवायचे, कडक कातडी हलक्या हाताने घासायची, ओल असतानाच तेल लावायचे, आणि एमसीआरची (सूक्ष्मछिद्री रबराची) मऊ चप्पल घालण्यापूर्वी ती उलटी करून आत खडा नाही ना, हे डोळ्यांनी पाहायचे.