डोक्यावरचं नाव आणि हातातली गिटार

नमस्कार, श्रोतेहो.

पगारवाढ झाली, बोनस हातात आला की मला फोन यायला लागतात. "ताई, एक चांगली गिटार घ्यायचीय. लाख-दीड लाखापर्यंत जाईन. अमुक कंपनीचीच घेऊ ना?" गेली वीस वर्षं मी विलेपार्ल्याला गिटार शिकवते, आणि या प्रश्नातला 'च' मला दरवेळी ऐकू येतो. कंपनीची घेऊ का, असं कुणी विचारत नाही. कंपनीचीच. आज मला या 'च'बद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, कारण एकदा मीही तो लावला होता.

२०११ सालची गोष्ट. माझा मावसभाऊ अमेरिकेहून येणार होता. क्लासच्या फीमधून दोन वर्षं बाजूला काढलेले पैसे मी त्याच्याकडे दिले आणि एका मोठ्या नावाची गिटार आणायला सांगितली. कंपनीचं नाव आज घेत नाही, त्याची गरजही नाही. खोका उघडला तेव्हा घरातले सगळे भोवती जमले होते. आईने तिला हळद-कुंकू वाहिलं. मी ती वाजवून घेतली नव्हती. भावाला वाजवता येत नाही, त्यामुळे त्यानेही वाजवून पाहिली नव्हती. आम्ही दोघांनी फक्त नाव पाहिलं होतं.

मे महिना बरा गेला. जुलैत बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड, धरताना बोट दुखायला लागलं. पट्टी लावून पाहिलं, तर बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या दांडीवर, जाडी तार चार मिलिमीटर वर होती. ती अडीचच्या आसपास असली की हात सुखात असतो. मी गिटार दुरुस्तीला नेली. त्या कारागिराने एक लांब स्टीलची पट्टी मानेवर, फ्रेटच्या वरून सरळ ठेवली आणि ब्रिजकडे, म्हणजे तारा जिथे पोटावर अडकवलेल्या असतात तिकडे, सरकवली. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्यावर टेकायला हवं. ते खाली, ब्रिजच्या पोटात जाऊन अडलं. तो म्हणाला, "मॅडम, पावसाने पोट फुगलंय हे खरं. पण मान मुळातच वाकडी बसलीय." मान सोडवून पुन्हा बसवायची, तर खर्च एका बऱ्या गिटारच्या किमतीएवढा. वॉरंटी ज्या देशात खरेदी झाली तिथली, मूळ खरेदीदाराच्या नावाची. मुंबईत तिचा कागदापलीकडे उपयोग नव्हता.

त्या कंपनीच्या गिटार त्यानंतर मी कितीतरी वाजवल्या. बहुतेक सुंदर होत्या. माझ्या वाट्याला आलेला नग तसा होता, एवढंच. नाव आपल्याला त्या कारखान्यातून साधारणपणे काय दर्जाचं काम बाहेर पडतं ते सांगतं, आणि आपण विकत घेतो तो एकच नग. मला हे कळायला दोन वर्षांची बचत खर्ची पडली.

म्हणून नावाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. ती कमावलेली असते. मार्टिन कंपनी १८३३ साली सुरू झाली. आज जिला आपण ॲकूस्टिक गिटार म्हणून ओळखतो, तिच्या पोटात वरच्या फळीला आतून फुलीच्या आकारात पट्ट्या बसवलेल्या असतात. ती रचना या कंपनीने एकोणिसाव्या शतकातच रुळवली. रुंद कमरेचा, मोठ्या पोटाचा ड्रेडनॉट आकारही त्यांचाच, १९१६ सालचा, एका युद्धनौकेवरून नाव पडलेला. सहा तारांचा मिळून ७०-७५ किलोंचा ताण जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या फळीवर येतो. ती फळी तुटता कामा नये आणि तरी थरथरली पाहिजे. हे जमवायला पिढ्या लागतात. त्या पिढ्यांचे पैसे आपण मोजतो, त्यात गैर काही नाही.

पण नाव तेच राहून मागचे हात बदलू शकतात. अमेरिकेतले गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी १९६५ मध्ये आपली कंपनी सीबीएस या मोठ्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. गिटारच्या डोक्यावर 'फेंडर' तसंच राहिलं, पण पुढच्या वर्षांतल्या मालाबद्दल वाजवणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. इतकी, की आजही जुन्या गिटारच्या बाजारात 'प्री-सीबीएस' हा शब्द वेगळा भाव मिळवून देतो. १९८५ मध्ये कंपनीतल्याच लोकांनी ती परत विकत घेतली तेव्हा घडी पुन्हा बसू लागली. या गोष्टीतला मला लागलेला भाग पुढचा आहे. लिओ फेंडर स्वतः गप्प बसले नव्हते. १९८० च्या सुमारास त्यांनी जी अँड एल नावाने पुन्हा गिटार बनवायला घेतल्या आणि १९९१ मध्ये जाईपर्यंत ते त्यात रमलेले होते. आडनाव मात्र कंपनीबरोबर विकलं गेलं होतं. म्हणजे खुद्द फेंडर यांच्या देखरेखीखाली तयार झालेली गिटार, आणि तिच्यावर 'फेंडर' नाही! वापरलेल्या मालात त्या गिटार बहुधा फेंडरपेक्षा स्वस्तात मिळतात.

एकाच घराण्यातली वेगवेगळी नावं, हाही एक गुंता आहे. एपिफोन हे गिटारचं नाव १९५७ पासून गिब्सन या दुसऱ्या मोठ्या अमेरिकी कंपनीकडे आहे, स्क्वायर हे फेंडरचं. इंडोनेशियातल्या एकाच कारखान्यात तीन-चार ब्रँडच्या गिटार तयार होतात हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आणि उलटंही आहे. एकाच नावाखाली एक गिटार संपूर्ण सॉलिड लाकडाची, तर दुसरी प्रेस केलेल्या थरांच्या पॅनेलची. मार्टिनची एक्स सिरीज मेक्सिकोत बनते, तिची पाठ आणि कडा दाबून केलेल्या लॅमिनेटच्या असतात. स्वतःच्या जागी ती चांगलीच आहे, प्रवासाला तर फार चांगली. पण तिच्याकडे पाहून "मार्टिन घेतली" एवढंच सांगितलं तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. नावाच्या पुढचा मॉडेल नंबर वाचा. तो नाहीच सापडला, तर साउंडहोलच्या, म्हणजे पोटावरच्या गोल भोकाच्या, कडेला बोट लावून नीट बघा. वरच्या फळीच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरत असतील, तर निदान ती फळी एकसंध आहे. कडेला आडवे थर दिसले, की प्लाय.

लाकडाबद्दल बोलायला मला नेहमीच आवडतं. गिटारवाले 'ईस्ट इंडियन रोजवूड' म्हणून ज्याचं कौतुक करतात, ते म्हणजे आपलं शिसव. आजीच्या घरचा शिसवी पलंग, शिसवी देव्हारा, तेच हे लाकूड. ब्राझीलने आपल्या रोजवूडचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केल्यावर मार्टिनने १९६९-७० च्या सुमारास डी-२८ सारख्या गिटारसाठी शिसव वापरायला घेतलं. पश्चिम घाटातही वाढणारं हे झाड, आणि आपण ते परत विकत घेतो तेव्हा वर परदेशी नाव असतं.

पण लाकडाच्या नावालाही भुलू नका. २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच कारागिराकडून सहा गिटार करून घेतल्या, आकार तोच, पाठ आणि कडांचं लाकूड तेवढं वेगळं, स्वस्तापासून दुर्मिळ महागड्यापर्यंत. ५२ वादकांनी त्या अंधुक उजेडात, डोळ्यांवर काळे गॉगल लावून वाजवल्या. सहाही गिटारना जवळजवळ सारखेच गुण मिळाले. त्याआधी १९९५ मध्ये टेलर गिटार कंपनीचे बॉब टेलर यांनी तर माल ठेवायच्या टाकाऊ लाकडी पॅलेटची गिटार केली होती. खिळ्यांची भोकं दिसत होती, आणि फ्रेटबोर्डवर फोर्कलिफ्टचं चित्र जडवलं होतं. ती छान वाजली. घडण चांगली असली की लाकूड सांभाळून घेतं, हे त्यांना दाखवायचं होतं.

आता ती खरेदी सांगते, जिच्यासाठी मला आज बोलावंसं वाटलं. गेल्या वर्षी माझा एक विद्यार्थी वडिलांना घेऊन माझ्याबरोबर धोबी तलावला आला. तो सगळा भागच वाद्यांचा. फुर्टाडोज तिथे १८६५ पासूनचं. आम्ही शेजारच्याच एका दुकानात शिरलो. मुलाच्या मनात एक मोठं नाव पक्कं होतं. लाखाच्या आतबाहेर त्या नावाची जी गिटार मिळत होती, तिची पाठ आणि कडा थरांच्या होत्या. तेवढ्याच पैशांत एका कमी गाजलेल्या कंपनीची पूर्ण सॉलिड गिटार होती. आणि मी दुकानदाराला विनंती केली, त्याच मॉडेलचा दुसरा नग गोदामात असेल तर तोही काढा. तो निघाला. तिन्ही गिटारवर नव्या तारा चढवून घेतल्या, त्याचे पैसे आम्ही दिले. हे आवर्जून करा. दुकानात महिनोन् महिने टांगलेल्या तारा मेलेल्या असतात, त्यावरून गिटारचा आवाज कळत नाही.

वडील लालबागच्या एका भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मी त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा आणि फक्त ऐका." "मला गिटारमधलं काय कळतं?" म्हणत ते स्टुलावर बसले. मी एकाच प्लेक्ट्रमने, एकाच जागी, तेच चार कॉर्ड आणि एक छोटी चाल वाजवली. तिन्हींवर. मग पुन्हा, क्रम बदलून. पहिल्या फेरीनंतरच काका म्हणाले, "पहिली बोलते मोठ्याने, पण लगेच गप्प होते. तिला आस नाही." आस! म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद. सतारीच्या, तंबोऱ्याच्या संदर्भात आपण जो शब्द वापरतो, तो त्यांनी इतक्या सहज वापरला. दुसरी आणि तिसरी एकाच मॉडेलच्या होत्या, पण त्यांनी तिसरी निवडली. क्रम बदलल्यावरही तीच. "हिचा खर्ज मोकळा आहे," म्हणाले. वळून पाहिल्यावर त्यांना कळलं, की पहिली ती मुलाच्या मनातली. मुलाचं तोंड जरा उतरलं. मग त्याने स्वतः अर्धा तास पहिली आणि तिसरी, दोन्ही वाजवल्या. प्रत्येक तारेवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक, म्हणजे नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, आणि दाबून आलेला सूर जुळतात का ते ट्यूनरवर पाहिलं. पहिल्या फ्रेटपासून शेवटच्यापर्यंत कुठे तार भणभणते का ते ऐकलं. शेवटी तिसरीच घेतली.

मिरजेला तंबोरा घ्यायला जाणारे गायक असंच करतात. घराण्याचं नाव विचारून जातात, पण नंतर तासन् तास बसतात, आपल्या पट्टीला जवारी, म्हणजे तारेचा तो भरीव गुंजणारा नाद, लागेपर्यंत उठत नाहीत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही तिथला कुणीही कारागीर तुम्हाला न वाजवता तंबोरा उचलू देणार नाही.

नाव खरोखर कामी येतं ते विकताना. माझ्या पाहण्यातल्या मोठ्या नावाच्या गिटार वापरलेल्या असूनही चार दिवसांत गेल्या, आणि त्यांच्याइतक्याच चांगल्या पण अनोळखी नावाच्या गिटार महिनोन् महिने पडून राहिल्या. पाच वर्षांनी विकायचीच असेल, तर नावासाठी जास्तीचे पैसे मोजणं शहाणपणाचं आहे. सुटे भाग आणि इथली वॉरंटी मिळणार असेल, तर तेही. मात्र वापरलेली घेताना सावध राहा. मोठ्या नावांच्या नकला बाजारात आहेत, हुबेहूब अक्षरांसकट. सिरीयल नंबर कंपनीकडे तपासून घ्या, आणि बिल नसेल तर घाई करू नका.

आणि आपला पाऊस. तो कुठलंच नाव ओळखत नाही. सॉलिड लाकडाच्या गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर असते. लाकूड पाणी पितं, पोट फुगतं, तारा वर उठतात. मग तीच गिटार एसीत नेली की आक्रसते. म्हणून सॉलिड गिटार घेणार असाल, तर आर्द्रता मोजणारं काही शे रुपयांचं हायग्रोमीटर आणि आर्द्रता राखणारी पाकिटं त्याच दिवशी घ्या. गिटार भिंतीला टांगू नका, बाहेरच्या भिंतीला तर नाहीच. वाजवून झाली की केसमध्ये. ऑक्टोबरमध्ये एकदा सेटअप, म्हणजे मान आणि तारांची उंची जुळवणं, करून घ्या. हे सगळं जमणार नसेल, घर खाडीकाठी असेल, खिडक्या कायम उघड्या असतील, तर थरांची गिटार घ्या. लाखाची असली तरी घ्या. ती टिकेल, आणि तुम्ही वाजवत राहाल.

त्या मुलाचा परवा मेसेज आला. सोबत फोटो, केसमधल्या हायग्रोमीटरचा: ५२. रात्री जेवणं झाली की काका त्याला गिटार काढायला लावतात, म्हणाला. आधी फक्त खर्जाची जाडी तार, मोकळी, एकदाच छेडायची. मग आस पुरती विरेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही.