आठ मिनिटांचं कार्ड

[टेबलावर पांढरं कार्ड]

या गोलाचा व्यास 18 मिलिमीटर. यात पडतंय गरोदर बाईच्या रक्ताचं सीरम, 50 मायक्रोलिटर, जेमतेम एक थेंब. गोलभर पसरवायचं, रेघ ओलांडू द्यायची नाही. ही आरपीआर चाचणी, सिफिलिसची. गावाकडे याच आजाराला ‘गरमी’ म्हणतात.

[बाटली हलवणारा हात]

अँटिजेन, म्हणजे चाचणीचं द्रव, फ्रिजमधून आधीच काढून ठेवलेलं असतं. गार असेल तर निकाल फसतो. त्यात कोळशाचे बारीक कण असतात, ते तळाशी बसतात, म्हणून बाटली हलवायची. त्याचा थेंब सीरमवर टाकताना सुई सरळ उभी धरायची. तिरपी झाली की थेंबाचं माप बदलतं. काडीने ढवळायचं नाही, ते काम रोटेटर, म्हणजे कार्ड फिरवणारं यंत्र, करतो.

[रोटेटर फिरतोय]

मिनिटाला 100 फेरे, 8 मिनिटं. वर झाकण हवंच, पंख्याच्या वाऱ्याने सीरम सुकतं. मग लगेच, कार्ड ओलं असतानाच, चांगल्या उजेडात बघायचं.

[कार्ड जवळून]

काळे गठ्ठे धरले, म्हणजे सिफिलिसची शक्यता: रिअॅक्टिव्ह. सारखा करडा रंग: नॉनरिअॅक्टिव्ह. मात्र अँटिबॉडी (आजाराविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, यांच्यामुळेच गठ्ठे धरतात) फार जास्त असल्या तरी गठ्ठे धरत नाहीत. अंगावर पुरळ आहे आणि कार्डावर गठ्ठे नाहीत, तर सीरम पातळ करून पुन्हा लावा. उलट मलेरियात, कधी नुसत्या गरोदरपणातही, कार्ड खोटं रिअॅक्टिव्ह येतं. खात्री टीपीएचए या दुसऱ्या रक्तचाचणीने होते. पण बाई परत येईल याची शाश्वती नसेल, तर त्या अहवालासाठी पहिलं इंजेक्शन अडवू नये.

[इंजेक्शनची तयारी]

बेंझाथिन पेनिसिलिन, 24 लाख युनिट. 12 लाखांच्या दोन व्हायल, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. औषध दाट, दुधासारखं. सुई बारीक असली किंवा हात मध्येच थांबला की अडकतं. हा जंतू दुप्पट व्हायला सुमारे 30 तास घेतो, म्हणून औषध रक्तात बरेच दिवस टिकावं लागतं. लागण कधीची ते कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन डोस. अॅड्रेनालिन हाताशी ठेवूनच टोचायचं. पोटातल्या बाळापर्यंत खात्रीने पोचणारं औषध हेच.

उपचार राहिला तर गर्भपात, मृत बाळ किंवा जन्मजात सिफिलिस.

[बाहेरचा बाक]

नवऱ्याचं रक्त त्याच दिवशी घ्या. त्याचा उपचार झाला नाही, तर बरी झालेली बाई पुन्हा बाधित होते.