जेक्वेरी गप्प बसते तेव्हा

(वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोरच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जेक्वेरीवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या या जुन्या लायब्ररीवर, अजून व्याख्यान कशाला, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. नवीन काम रिअ‍ॅक्टमध्ये करायचं असेल तर खुशाल करा. पण पहिल्या नोकरीत तुमच्या गळ्यात पडणारी साइट बऱ्याचदा दुसऱ्याच कुणीतरी कधीकाळी लिहिलेली असते. लिहिणारा सोडून गेलेला असतो आणि जेक्वेरी मागे राहिलेली असते. साइट बनवायचं वर्डप्रेस तर तिला बरोबर घेऊनच येतं.

जॉन रेसिगने जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या बारकॅम्प या तंत्रज्ञांच्या मेळाव्यात ही लायब्ररी लोकांपुढे मांडली. तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररमध्ये क्लिक पकडायची रीत एक आणि फायरफॉक्समध्ये दुसरी. तो फरक जेक्वेरीने पोटात घेतला. शिवाय पानावरची वस्तू, पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्याच सिलेक्टरने, म्हणजे वस्तूच्या पत्त्याने, शोधायची सोय दिली. ज्याला सीएसएस येतं त्याला अर्धी जेक्वेरी आधीच येते, हे तिच्या प्रसाराचं खरं कारण, असं माझं मत आहे.

आता तिचा स्वभाव बघा. साध्या जावास्क्रिप्टमध्ये क्वेरी-सिलेक्टरला वस्तू सापडली नाही तर हातात नल, म्हणजे ‘काहीच नाही’, येतो, आणि त्याच्यावर काही करायला गेलात की कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल ओळ येते. जेक्वेरीत तसं होत नाही. वस्तू नसली तरी ती एक रिकामा संच देते. त्यावर हाइड (लपव) लावा, अ‍ॅड-क्लास लावा, पुढे आणखी चार मेथड (आज्ञा) जोडा, ती निमूट सगळं ऐकून घेते. रिकाम्या वर्गात शिरून ‘सगळ्यांनी उभे राहा’ म्हणावं, तसं. आज्ञा मोडली असं कुणी म्हणू शकत नाही! हे मुद्दाम केलेलं आहे, कारण प्रत्येक ओळीआधी ‘वस्तू आहे का’ विचारत बसायचं नसेल तर असंच करावं लागतं. शिकताना हे फार सोयीचं वाटतं. दुरुस्ती करताना हेच जीव खातं.

म्हणून ‘सर, बटण चालत नाही’ म्हणत कुणी आलं की मी कोड बघत नाही. आधी कन्सोल उघडायला लावतो. तोच सिलेक्टर तिथे लिहायचा, पुढे डॉट लेंग्थ (किती वस्तू सापडल्या), आणि एंटर. शून्य आलं तर फंक्शनच्या आत काय लिहिलंय याची चर्चाच नको. सिलेक्टरमध्ये क्लासच्या नावाआधी लागणारा टिंब राहिला असेल. किंवा आयडीच्या नावातच टिंब असेल. तसं असलं तर जेक्वेरी टिंबापुढचा भाग क्लास समजते आणि काहीच सापडत नाही. कन्सोलमध्ये एक आलं, पण फाइलमध्ये त्याच ओळीआधी छापून बघितलं तर शून्य, असं असेल तर स्क्रिप्ट वर हेडमध्ये आहे आणि बटण तयार व्हायच्या आधीच ती धावून गेली. मग ते सगळं रेडीच्या, म्हणजे पान तयार झाल्यावरच धावणाऱ्या फंक्शनच्या, आत घाला.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार वेगळाच आहे. समजा, फॉर्मवर जिल्हा निवडला की सर्व्हरवरून तालुक्यांचा तक्ता येतो आणि प्रत्येक ओळीत एक ‘निवडा’ बटण असतं. तुम्ही पान उघडतानाच त्या बटणांना क्लिक जोडलं. तेव्हा बटणं होती कुठे? शून्य वस्तूंना क्लिक जोडलं गेलं. नंतर आलेल्या बटणांना त्याचा पत्ताच नाही. आता कन्सोलमध्ये मोजाल तर बटणं पंधरा दिसतील आणि तुम्ही आणखी गोंधळाल. इथे क्लिकचा प्रवास समजून घ्या. क्लिक बटणावर होतं, तिथून ते रकान्यावर, ओळीवर, तक्त्यावर असं वर वर चढत जातं. म्हणून ऑन, म्हणजे क्लिक जोडणारी मेथड, तक्त्यावर लावा, पण पहिल्या क्लिक या शब्दानंतर दुसऱ्या जागी बटणाचा सिलेक्टर द्या. मग जेक्वेरी तक्त्यापाशी उभी राहून बघते, की हे क्लिक अशा बटणातून आलं का. बटण कधी का जन्मेना! मात्र तक्ता स्वतः आधीपासून पानावर हवा. काही जण आळसाने थेट डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पानावर, ऑन लावतात. चालतं, पण मध्येच कुणी क्लिकचं वर चढणं थांबवलं तर ते तिथवर पोचतच नाही.

हेच काम पूर्वी लाइव्ह नावाची मेथड करायची. २०११ मध्ये १.७ आवृत्तीत ऑन आलं, लाइव्ह मागे पडलं आणि २०१३ च्या १.९ मध्ये ते काढूनच टाकलं. जुने लेख वाचून शिकणारे इथे हमखास अडकतात. म्हणून काही उचलण्याआधी कन्सोलमध्ये जेक्वेरी डॉट एफएन डॉट जेक्वेरी लिहा. ती आपली आवृत्ती सांगते.

उलटा प्रकारही असतो: मेनू उघडतो आणि लगेच मिटतो. बहुतेक वेळा तेच क्लिक दोनदा जोडलेलं असतं, आणि उघडझाप करणारं स्लाइड-टॉगल दोन्ही वेळा प्रामाणिकपणे धावतं.

लाल ओळ आली तर मला बरंच वाटतं. डॉलर हे जेक्वेरीचं छोटं नाव, आणि ‘डॉलर इज नॉट डिफाइन्ड’ म्हणजे जेक्वेरीची फाइल आलेली नाही किंवा उशिरा आली. वर्डप्रेसमध्ये मात्र फाइल असूनही डॉलर चालत नाही, कारण तिथे ती नो-कॉन्फ्लिक्टमध्ये चालते. प्रोटोटाइपसारख्या लायब्रऱ्याही डॉलरच वापरत, म्हणून ते चिन्ह मोकळं ठेवलं. तिथे पूर्ण जेक्वेरी लिहा. ‘इज नॉट अ फंक्शन’ आलं तर पानावर जेक्वेरी दोनदा आलीय का बघा. प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला कोड, पहिलीला चिकटलं आणि दुसरीने तिची जागा घेतली, हे नेहमीचं. अ‍ॅजॅक्स (सर्व्हरवरून माहिती आणणारा भाग) किंवा अ‍ॅनिमेशनच सापडत नसेल तर कुणीतरी स्लिम, म्हणजे हे भाग वगळलेली, फाइल टाकलीय.

वर्डप्रेस ५.५ ने ऑगस्ट २०२० मध्ये जेक्वेरी मायग्रेट, म्हणजे काढून टाकलेल्या जुन्या मेथड चालू ठेवणारी फाइल, आपोआप जोडणं थांबवलं, तेव्हा कितीतरी जुन्या थीम आणि प्लगइन एका अपडेटमध्ये बंद पडले. मायग्रेट परत टाकून लोक सुटले, आणि बऱ्याच जणांनी तिथेच काम थांबवलं. तसं करू नका. मायग्रेटची न आकसलेली, म्हणजे पूर्ण, फाइल लावा, पान वापरून बघा. कुठली जुनी मेथड कुठे वापरलीय, ते ती कन्सोलमध्ये बोलून दाखवते. त्या सूचना एकेक करून मिटवा आणि मग मायग्रेट काढा.