ईमेलवरची डिजिटल सही नेमकी कुठे अडते?

ईमेलला डिजिटल सही होत नाही म्हटलं, की बरेच जण लगेच नवं सर्टिफिकेट (सही कुणाची आहे हे सांगणारी डिजिटल फाइल) मागवतात. आधी एवढं बघा: सही करतानाच अडतंय, की सही होऊन गेलेला मेल समोरच्याला अवैध दिसतोय? दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

सही करतानाच अडत असेल, तर विंडोजमध्ये सर्टिफिकेट उघडून पहिल्या टॅबच्या तळाशी पाहा. प्रायव्हेट की (सही करणारी, फक्त तुमच्याकडे असलेली गुप्त की) असल्याची ओळ तिथे हवी. नसेल, तर तुम्ही नुसती सीईआर फाइल आणली आहे. तिच्यात फक्त पब्लिक की, म्हणजे इतरांना सही तपासायला लागणारी की असते. जिच्यात प्रायव्हेट कीही असते ती पीएफएक्स फाइल आणा. यूएसबी टोकनमधली की मात्र बाहेर काढता येत नाही, म्हणून टोकन आणि त्याचा ड्रायव्हर त्याच संगणकावर लागतो. थंडरबर्ड या मोझिलाच्या ईमेल प्रोग्रॅममध्ये सेटिंग्जमधल्या सिक्युरिटी डिव्हायसेसमध्ये जाऊन टोकनचं पीकेसीएस ११ मॉड्यूल (प्रोग्रॅमला टोकनशी जोडणारी डीएलएल फाइल) लोड करावं लागतं. थंडरबर्ड ६४ बिटचं आणि डीएलएल ३२ बिटची असेल तर ते लोडच होत नाही.

मग ईमेल पत्ता. जीएसटी, आयकर किंवा टेंडरसाठी घेतलेल्या डीएससीमध्ये (डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटमध्ये) पत्ता नसू शकतो, किंवा तो तुमच्या चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसचा असू शकतो. सर्टिफिकेटच्या डिटेल्स टॅबमध्ये सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेमखाली जो पत्ता दिसेल, त्याच पत्त्यावरून मेल जायला हवा. तिथल्याच एन्हान्स्ड की यूसेजमध्ये, म्हणजे सर्टिफिकेट कशासाठी चालतं त्या यादीत, सिक्युअर ईमेलही हवं. यांतलं एकही नसेल, तर आउटलुक सहसा सही करू देत नाही. अशा वेळी मात्र नवं सर्टिफिकेट घ्याच.

आता समोरच्याची बाजू. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खालच्या सर्टिफिकेट देणाऱ्या परवानाधारक संस्थांची साखळी सीसीए इंडियाच्या (या संस्थांवरच्या सरकारी नियंत्रकाच्या) रूट सर्टिफिकेटपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या मूळ सर्टिफिकेटपर्यंत जाते. थंडरबर्ड विश्वासू रूट सर्टिफिकेटांची मोझिलाची यादी वापरतो आणि त्या यादीत हे रूट नाही. म्हणजे आपल्या कायद्याने वैध असलेली सहीसुद्धा तिथे अविश्वसनीय दिसते. ओळखीतल्या माणसाला रूट सर्टिफिकेट सीसीएच्या संकेतस्थळावरून घ्यायला सांगा आणि फिंगरप्रिंट (सर्टिफिकेटची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची ओळ) ताडूनच ते बसवायला सांगा. कुणी मेलला जोडून पाठवलेलं रूट कधीही बसवू नये. असं रूट कुणाच्याही नावाची खोटी सही खरी ठरवू शकतं. परदेशी पत्रव्यवहार मोठा असेल, तर मोझिलाच्या यादीतल्या संस्थेकडून ईमेलसाठी वेगळं सर्टिफिकेट घेणं बरं.

'मेलमध्ये बदल झाला आहे' असा इशारा आला, तर सर्टिफिकेटला हात लावू नका. सहसा कंपनीचा मेल सर्व्हर सही झाल्यानंतर तळाशी डिस्क्लेमर चिकटवत असतो. एक अक्षर वाढलं तरी हॅश, म्हणजे सही करताना मजकुरावरून काढलेला आकडा, जुळत नाही. सर्व्हरच्या नियमातून सही केलेले मेल वगळायला सांगा.

नूतनीकरणानंतर सही थांबली, तर आउटलुकच्या ट्रस्ट सेंटरमधल्या ईमेल सिक्युरिटीत नवं सर्टिफिकेट हाताने निवडा. तिथे अजून जुनंच निवडलेलं असू शकतं. त्या जुन्या सर्टिफिकेटने एनक्रिप्ट केलेले (कुलूपबंद केलेले) मेल असतील तर ते सर्टिफिकेट पुसू नका, नाहीतर ते मेल पुन्हा उघडणार नाहीत.