कर्नल नाबाद, पण...

नमस्कार मंडळी, जेवणं झाली असतील तर जरा पाय पसरून बसा, कारण आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे त्याचा विषय निघाला की मला थांबता येत नाही, घरचे वैतागतात. दिलीप वेंगसरकर. जन्म राजापूरचा, 1956 चा, पण क्रिकेट मात्र पक्कं मुंबईचं, दादर युनियन क्लबचं, म्हणजे विकेट फेकून आलास तर पॅव्हेलियनमध्ये कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही अशा घरातलं. 1975 च्या इराणी ट्रॉफीत नागपूरला या एकोणीस वर्षांच्या पोराने बेदी आणि प्रसन्ना या बड्या स्पिनरांना असं काही चोपलं की लोकांना एकदम भारताचे पहिले टेस्ट कॅप्टन कर्नल सी. के. नायडू आठवले, आणि तेव्हापासून तो 'कर्नल'. पुढच्याच जानेवारीत ऑकलंडला टेस्टमध्ये आला, तोही ओपनर म्हणून, गावस्करबरोबर. जमलं नाही फारसं. पहिलं शतक यायला जवळजवळ तीन वर्षं गेली.

ते आलं ईडन गार्डन्सवर, वेस्ट इंडिजविरुद्ध. गावस्कर नाबाद 182, वेंगसरकर नाबाद 157, दोघांची 344 ची पार्टनरशिप, आणि नंतर वेस्ट इंडिजच्या नऊ विकेट गेल्या, अंधार पडायला लागला, शेवटची विकेट काही मिळाली नाही, मॅच ड्रॉ. ही एक विकेट लक्षात ठेवा, कारण या माणसाच्या करिअरमध्ये हे असंच चालू राहिलं.

1979 ला लॉर्ड्स. आपण पहिल्या इनिंगमध्ये 96 ऑलआऊट, कर्नलचा भोपळा. दुसऱ्या इनिंगमध्ये त्याने 103 केले, विश्वनाथने 113, मॅच वाचली. त्याच दौऱ्यात ओव्हलला 438 करायचे होते, गावस्करने ते 221 केले, सगळ्यांना तेच आठवतात, पण वेंगसरकरचे 52 होते हो त्यात! आणि मॅच संपली तेव्हा आपण कुठे होतो? 429 वर. नऊ रन कमी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीला पाकिस्तानविरुद्ध 390 हवे होते, हा नाबाद 146, आपण 364. सव्वीस कमी. आता सांगा, याने अजून काय करायचं होतं?

पण लॉर्ड्सचं प्रकरण वेगळंच. 1982 ला गेला, 157. मॅच हरलो. 1986 ला गेला, नाबाद 126, शेवटचा बॅट्समन मनिंदर सिंग, ज्याच्या बॅटिंगवर त्याच्या घरच्यांनीसुद्धा पैज लावली नसती, त्याला समोर उभा करून. ती मॅच मात्र आपण जिंकलो, लॉर्ड्सवरची आपली पहिली टेस्ट, कपिलने सिक्स मारून संपवली. लॉर्ड्सवर तीन टेस्ट शतकं पाहुण्या टीमच्या दुसऱ्या कुणाला जमलेली नाहीत. गावस्करचं तिथे टेस्टमध्ये एकही नाही, सचिनचंही नाही.

तरी मला विचाराल तर त्याच्यापुढची लीड्सची इनिंग भारी. बॉल नुसता नाचत होता. इंग्लंडची अख्खी टीम पहिल्या इनिंगमध्ये 102 ला गुंडाळली गेली आणि दुसऱ्या इनिंगमध्ये आपला हा एकटा माणूस नाबाद 102! त्याचा ऑनड्राइव्ह ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, उंच माणूस, पाय एवढासा पुढे, डोकं स्थिर, आणि बोलर आणि मिडऑनच्या मधून बॉल गेलेला, मारलाय असं वाटायचंच नाही, वाट दाखवलीय असं वाटायचं. त्या दोन-तीन वर्षांत डिलॉइटच्या रेटिंगमध्ये, म्हणजे आजच्या आयसीसी रँकिंगच्या आधीच्या यादीत, तो जगात पहिल्या नंबरावर होता. श्रीलंकेविरुद्ध सलग 57, 153, 166. फॉर्म म्हणजे काय ते बघायचं तर तेव्हा.

आणि नशीब बघा. 1983 च्या वर्ल्ड कपमध्ये ओव्हलला वेस्ट इंडिजच्या फास्ट बोलर मार्शलचा बॉल जबड्यावर बसला, फायनल बाहेर बसून बघितली. 1987 च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल वानखेडेवर, स्वतःच्या ग्राउंडवर, आणि याचं पोट बिघडलं. मग वेस्ट इंडिजविरुद्ध कॅप्टन झाला, दिल्लीत पहिल्याच टेस्टला 102, मॅच हरली. कलकत्त्याला परत 102, तेवढ्यात हाताला लागलं, रिटायर्ड हर्ट, आणि मद्रासला नवख्या लेगस्पिनर हिरवानीने सोळा विकेट काढून मॅच जिंकून दिली तेव्हा कॅप्टन शास्त्री. मंडपात सगळी तयारी याने करायची आणि पंगत बसली की हा बाहेर, असलं काहीतरी.

आता 7 मे 1991. वानखेडे, रणजी फायनल, समोर कपिलचं हरियाणा, आणि मुंबईला शेवटच्या दिवशी 355 करायचेत. 34 ला तीन विकेट. मग सचिन आला, अठरा वर्षांचा, 75 बॉलमध्ये 96 मारून गेला. तो गेल्यावर मागचे पटापट गेले आणि उरले वेंगसरकर आणि एबी कुरुविला, म्हणजे अकरा नंबरचा फास्ट बोलर, रणजीतलं पहिलंच वर्ष. अजून जवळजवळ पन्नास हवेत. कर्नलच्या पायात क्रॅम्प आलेले, लालचंद राजपूत रनर म्हणून धावतोय, आणि हा एका जागी उभा राहून सिक्स मारतोय, चाळीसच्या घरात रन निघाले, लोक ओरडून ओरडून घसा बसलेले. तीन हवेत. रन काढायला गेले, राजपूत पळाला, कुरुविला अडखळला, हरियाणाच्या अमरजित केपीचा थ्रो, रनआऊट.

दोन रनांनी हरलो. 116 टेस्ट खेळलेला, सतरा शतकं मारलेला माणूस, आणि रणजीच्या एका मॅचसाठी ढसाढसा रडला. माझा मामा त्या दिवशी वानखेडेला होता. रात्री घरी आला, बूट न काढता पलंगावर बसला, मामीने ताट वाढलं तरी नुसता म्हणत होता, अगं तो नाबाद आहे, तो अजून नाबादच आहे.