नव्या पट्ट्यावर पांढरं आलंय? थांबा, घासू नका

नमस्कार मंडळी. सोलापुरात जरा थंडी पडली, गड्ड्याची यात्रा तोंडावर आली, की मला हमखास एकच फोटो येतो. ब्रायडल लेदरचा नवाकोरा काळा पट्टा, त्यावर पांढरट थर, आणि खाली प्रश्न: "दादा, बुरशी लागली का?"

नाही लागली. हे बघा, कॅमेऱ्याजवळ आणतो. बोट फिरवलं की मेणचट लागतं. आता हेअर ड्रायर लावतो... गेलं बघा! विरघळून आत मुरलं, खालचं चामडं चमकायला लागलं. बुरशी अशी विरघळत नाही. ती पावसाळ्यात ठिपक्याठिपक्यांनी येते, लव असते तिला, आणि कुबट वास मारते.

या थराला ब्लूम म्हणतात. ब्रायडल लेदर हे मुळात घोड्याच्या लगामाचं चामडं. इंग्लंडात वॉलसॉल, आपल्याकडे कानपूर, ही खोगीर-लगामाची गावं. कातडं झाडाच्या सालीत कमवायचं आणि मग त्यात चरबी, तेल, मेण मुरवायचं. कोल्हापुरी चपलेचं कातडंही बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावतात, पण त्यात इतकं स्निग्ध भरलेलं नसतं. इथे पोटात चरबी असते, ती गारठ्यात वर येऊन थिजते. कापडाने पुसलं की झालं. काहीजण तर मुद्दाम तसंच ठेवतात.

उलटा त्रास मे महिन्यात. पारा त्रेचाळीसच्या पुढे, वर पत्र्याचं छप्पर, आणि पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत. मग तेल सुटतं, पँटला डाग पडतात. सुती कापडात गुंडाळा, सावलीत टांगा. प्लॅस्टिक नकोच.

आता पट्टा स्वतः बनवणाऱ्यांसाठी फिनिशिंग. या चामड्याला वरून रंग, पॉलिश काही लागत नाही. दोन्ही बाजू कारखान्यातच घोटून आलेल्या असतात, म्हणून अस्तरही नको. पट्ट्याला साडेतीन-चार मिलिमीटर जाडी पुरे. सगळी मेहनत आहे ती कडेवर. माझं मत विचाराल तर पट्टा हातात घेतल्यावर आधी कड बघा, बक्कल नंतर.

बेव्हलरने, म्हणजे कडेची धार तासायच्या हत्याराने, दोन्ही बाजूंचा कोपरा उतरवून घ्या. मग चारशे नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर सहाशेचा. सहाशेचा गाळू नका, चारशेचे ओरखडे रंगाखालून दिसतात. आता खरी अडचण येते. कडेलाही मेण असतं, त्यामुळे रंग धरत नाही, पाणी लावलं तर थेंब घरंगळतो. म्हणून आधी चिंधीवर थोडं स्पिरिट घेऊन फक्त कड पुसा. वरच्या बाजूला लागू देऊ नका, तिथला रंग निघतो. मग कडेचा रंग लावून पूर्ण वाळू द्या.

कड घोटायला तयार द्रावणाची महागडी बाटली आणलीच पाहिजे असं नाही. काष्ठौषधीच्या दुकानात कतीऱ्याचा डिंक मिळतो. चिमूटभर रात्री भिजत घाला, सकाळी गाळून घ्या. बोटाने पातळ हात द्या आणि लाकडी स्लिकरने, म्हणजे कड घोटायच्या खाचेच्या दांड्याने, घासा. आवाज ऐका... आधी खरखर येते, मग कड गरम होते आणि स्लिकर सुळकन पळायला लागतो. तिथे थांबायचं. डिंक जास्त झाला तर कड फुगते, मग पुन्हा पेपरपासून सुरुवात. शेवटी मधमाशीचं मेण फिरवा आणि जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्याने जोरात चोळा. चादर जितकी जुनी तितकी बरी.

भोकं पाच, मधे पंचवीस मिलिमीटर अंतर. माप पँटच्या साइझवरून घेऊ नका, कंपनीगणिक बदलतं ते. रोजचा पट्टा घ्या, बक्कलच्या घडीपासून तुम्ही वापरता त्या भोकापर्यंत मोजा. तेच तुमचं मधलं भोक. आखणी करून एकदा कमरेला लावून बघा, मगच पंचवर हातोडी मारा.