कोल्हापूर ते नागपूर : सातशे किलोमीटरची सरळ रेघ

महाराष्ट्राच्या नकाशावर पट्टी ठेवून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंत रेघ ओढली, तर ती पंढरपूरजवळून जाते, परळी वैजनाथच्या आसपास निम्मी होते आणि यवतमाळ व वर्धा यांच्या शेजारून नागपुरात पोहोचते. या रेघेची लांबी सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या हिशेबात साधारण ३७८ सागरी मैल भरते.

जमिनीवर ही रेघ कोणाच्याच वाट्याला येत नाही. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा मोठा वळसा घेते आणि नागपूर येईपर्यंत तिची धाव १,२०० किलोमीटरच्या घरात जाते. पंढरपूर-लातूरमार्गे जाणारी गाडी त्यामानाने जवळून जाते, तरी रात्र डब्यातच काढावी लागते. एकाच राज्यात राहूनही विदर्भ आणि दक्षिण महाराष्ट्र एकमेकांना फारसे ओळखत नाहीत, याचे एक कारण आम्हाला या वळशात दिसते.

विमानाच्या बाबतीत अंतराला वेगाने भागले की वेळ मिळेल, असे वाटते. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या छोट्या जेट विमानाला त्या हिशेबाने ५३ मिनिटे लागतील आणि ताशी ५०० किलोमीटरने जाणाऱ्या, पंख्यांच्या एटीआर विमानाला ८४ मिनिटे. प्रत्यक्षात दोघांनाही यापेक्षा अधिक वेळ लागतो, कारण हा वेग फक्त उंचीवर गेल्यावरचा असतो. चढताना आणि उतरताना तो बराच कमी असतो.

शिवाय विमान उडते आणि उतरते ते वाऱ्याला तोंड देऊन. उजळाईवाडीची धावपट्टी पूर्व-पश्चिम अंगाची आहे. वारा पश्चिमेचा असला की नागपूरला निघालेले विमान आधी नागपूरकडे पाठ करून उड्डाण घेते आणि मग वळून ईशान्येची वाट धरते. सोनेगावची धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी, म्हणजे नैर्ऋत्येकडून येणाऱ्या या वाटेला जवळपास आडवीच असल्याने उतरण्यापूर्वीही वळसा चुकत नाही. हिवाळ्यात उंचावरचे पश्चिमी वारे जाताना पाठीशी आणि परतताना समोर असतात, त्यामुळे त्याच ७०० किलोमीटरांना परतीच्या वाटेवर काही मिनिटे जास्त लागतात.

अंतराचा आणि उड्डाणवेळेचा असा काटेकोर हिशेब नागपूरला नवा नाही. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री याच शहरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. चारही दिशांची अंतरे एका रात्रीत बसत होती, म्हणूनच ती सेवा शक्य झाली. कोल्हापूरचा विमानतळही त्याच सुमाराचा; छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ मध्ये तो सुरू झाला.

तिकिटावर छापलेली वेळ हवेतली नसते. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हा ती सुरू होते. त्यापूर्वी चाकांना लावलेले ठोकळे कर्मचाऱ्याने हाताने बाजूला काढलेले असतात. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, परवानगीची वाट पाहणे आणि दोन्हीकडचे वळसे, हे सारे त्या वेळेत धरलेले असते. सोनेगावला विमान थांबते, दुसरा कर्मचारी वाकून चाकांपुढे ठोकळे सरकवतो आणि त्या मिनिटाची नोंद होते.